तीन घरांचं नाणं

अमेरिकी शब्दकोड्यात 'जुनं फ्रेंच नाणं, तीन अक्षरं' असं सूत्र दिसलं की मुरलेला माणूस फार विचार करत बसत नाही. तो आधी तिसऱ्या घरात 'यू' लिहून टाकतो. कारण उमेदवार दोनच असतात. एक ई-सी-यू, म्हणजे 'एक्यू', आणि दुसरा एस-ओ-यू, म्हणजे 'सू'. शेपूट दोघांचं एकच. मधलं घर उभ्या शब्दातून आपसूक येऊ द्यायचं. तिथे 'सी' आला तर एक्यू, 'ओ' आला तर सू. सूत्राला 'क्षुल्लक रक्कम' अशी छटा असेल तर तेवढीही वाट पाहायला नको, तो सूच. सू ही फ्रेंचांची दमडी. एक्यू मात्र हातावर ठेवलं तर हात जरा खाली जाईल असं चांदीचं नाणं होतं.

फ्रान्सच्या बाजारातून हे नाणं जाऊन दोन शतकं उलटली. कोड्यात ते आजही चालतं, आणि त्याचं श्रेय ना चांदीला आहे ना राजाला. ते आहे फ्रेंच भाषेच्या एका जुन्या सवयीला.

लॅटिनमध्ये ढालीला 'स्कूटुम'. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्क्यू' झालं, आणि पुढे फ्रेंचांनी अशा शब्दांतला 'स' बोलायचाच सोडून दिला. शाळेचं 'एस्कोल' होतं ते 'एकोल' झालं, ताऱ्याचं 'एस्तोआल' होतं ते 'एतोआल' झालं. गेलेल्या 'स'ची आठवण म्हणून 'ई'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ तेवढी राहिली. ढालीचं तेच झालं. चार अक्षरांचा शब्द तीन अक्षरांचा झाला, आणि इंग्रजी कोडी डोक्यावरच्या रेघा मोजत नाहीत, त्यामुळे उरलं स्वच्छ ई-सी-यू. स्पेन-पोर्तुगालने 'स' सोडला नाही. त्यांचं 'एस्कुदो' सहा अक्षरी राहिलं. इटलीचं 'स्कूदो' पाच अक्षरी. ढाल तीच, नाण्यावरचं चिन्ह तेच, पण कोडं रचणाऱ्याला अडीअडचणीला आठवतो तो एक्यूच.

नाण्याचा इतिहास थोडक्यात सांगून टाकू. नववा लुई, ज्याला पुढे संत म्हणून मान मिळाला, त्याने १२६६ मध्ये सोन्याचा पहिला एक्यू पाडला. त्यावर ढाल आणि ढालीवर लिलीची फुलं. चांदीचा एक्यू आला तेराव्या लुईच्या काळात, १६४१ साली. त्याचे साचे कोरले होते झां व्हारँ या कारागिराने. किंमत तीन लिव्र, म्हणजे साठ सू. वीस सूचा एक लिव्र, बारा दनिएचा एक सू, असा तो हिशेब. अठराव्या शतकात एक्यू मोठा झाला. १७२६ पासूनचं नाणं सहा लिव्रचं, वजनाला साधारण साडेएकोणतीस ग्रॅम. कडा कापून चांदी चोरू नये म्हणून त्याच्या कडेवर लॅटिन अक्षरं उठवलेली असत, 'देवा, राजाचं रक्षण कर' अशा अर्थाची. कड कुणी कातरलीच तर अक्षरं आधी तुटत आणि चोरी उघडी पडे. राजाचं रक्षण मात्र त्या अक्षरांकडून झालं नाही. १७९५ मध्ये दशमान फ्रँक आला आणि लिव्र-सूचा कारभार आटोपला. लोकांच्या तोंडातून शब्द इतक्या लवकर जात नाहीत म्हणून पाच फ्रँकच्या चांदीच्या नाण्यालाही पुढे बराच काळ 'एक्यू' म्हणत राहिले.

आता कोड्याकडे वळू. आर्थर विन या पत्रकाराचं पहिलं शब्दकोडं 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये २१ डिसेंबर १९१३ ला छापून आलं, तेव्हा त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. चौकोनी जाळी आणि तिचे कडक नियम नंतर ठरत गेले. ते नियम माहीत असल्याशिवाय एक्यूचं दुकान का चालतं ते कळत नाही. रोजच्या अमेरिकी कोड्याची जाळी पंधरा बाय पंधरा. ती उलटी धरली तरी काळी घरं होती तिथेच दिसली पाहिजेत. दोन अक्षरी शब्द चालत नाही, कमीत कमी तीन. आणि सगळ्यात जाचक अट अशी की प्रत्येक पांढरं घर आडव्या शब्दातही हवं आणि उभ्या शब्दातही हवं. एकही अक्षर फुकट नाही. 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये विषय धरून रचलेल्या कोड्याला जास्तीत जास्त ७८ शब्दांची मुभा आहे. म्हणजे शब्दाची सरासरी लांबी पाच अक्षरांच्या आसपास येते. लांब शब्द रचणाऱ्याच्या हौसेचे असतात. त्यांच्या मधल्या फटी बुजवायला तीन-चार अक्षरांचे शब्द ढिगाने लागतात.

या फटींत स्वर लागतात. इंग्रजीत तीन अक्षरी शब्द पुष्कळ, पण बहुतेक व्यंजन-स्वर-व्यंजन या चालीचे. स्वराने सुरू होऊन स्वरानेच संपणारे कमी, आणि 'यू'ने संपणारे तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. सुरुवातीला 'ई' आणि शेवटी 'यू' ठरून गेले असतील तर मध्ये काय बसतं ते पाहा. 'ए' घातला तर फ्रेंच पाणी, 'एम' घातला तर ऑस्ट्रेलियाचा एमू पक्षी, 'सी' घातला तर आपलं नाणं. चौथा शब्द सुचायला शब्दकोश उघडावा लागेल. कोडं रचणारे एक्यू हौसेने घालत नाहीत. बाकीच्या वाटा बंद झाल्या की तो येतो.

हे लहान तुकड्यावर नीट दिसतं. तीन बाय तीनचा एक कोपरा घ्या. वरच्या आडव्या ओळीत पी-ए-एल, म्हणजे 'पॅल', दोस्त. मधल्या ओळीत आय-आर-ई, 'आयर', संताप. तळाला ई-सी-यू. आता हेच उभं वाचा. पहिला स्तंभ पी-आय-ई, 'पाय'. दुसरा ए-आर-सी, 'आर्क', कमान. तिसरा एल-ई-यू, 'लेउ', रोमानियाचं चलन. नऊ घरं, सहा शब्द, सगळे शब्दकोशात आहेत. प्रत्यक्ष कोड्यात असा कोपरा सुटा ठेवता येत नाही. जाळीतली सगळी पांढरी घरं एकमेकांना जोडलेली लागतात, त्यामुळे यातला एखादा शब्द बाहेर लांबवावा लागेल. 'पॅल'चा 'पॅलेस' करता येईल. पण तत्त्व कळायला नऊ घरं पुरेत.

वर पाहता कोपरा छान जमला आहे. संपादक तरीही तो परत पाठवील, आणि बोट ठेवील ते उजव्या तळाच्या घरावर. तिथे 'लेउ' आणि 'एक्यू' एकमेकांना छेदतात. रोमानियाचं चलन माहीत नसलेल्या आणि जुनं फ्रेंच नाणं माहीत नसलेल्या माणसाला त्या घरात काय लिहायचं ते कुठूनच कळणार नाही. 'यू'ऐवजी 'व्ही' लिहिलं तर बल्गेरियाचं २०२५ पर्यंतचं चलन 'लेव्ह' होतं, म्हणजे अंदाजालाही फाटे फुटतात. आडव्यातूनही नाही आणि उभ्यातूनही नाही, अशा आंधळ्या फुलीला अमेरिकी कोडेवाले 'नॅटिक' म्हणतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या गावाचं नाव एका कोड्यात अशाच अनोळखी नावाला छेदून गेलं होतं आणि भलेभले त्या एका घरात अडकले होते, म्हणून हे नाव पडलं.

दुरुस्ती एका अक्षराची आहे. 'यू' खोडा, 'ओ' लिहा. आडवा शब्द होतो 'इको', पर्यावरणाचा उपसर्ग, किंवा इटालियन लेखक उंबेर्तो एको. उभा शब्द होतो 'लिओ', सिंह रास. कोपरा तोच, बाकीची आठ अक्षरं तीच, आणि आता शाळकरी मुलालाही तो सुटेल. जुन्या नाण्यांची कोड्यातली वर्दळ कमी होते ती अशी. कुणी बंदी घातलेली नाही, शेजारचं एक अक्षर जास्त ओळखीचं निघतं एवढंच. आजकाल रचणारे संगणकावर शब्दयादी घेऊन बसतात. यादीतल्या प्रत्येक शब्दाला गुण दिलेले असतात आणि एक्यूसारखे शब्द तळाशी ढकललेले असतात, त्यामुळे यंत्र आधी 'इको' सुचवतं. पूर्वी कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच हातात होतं. त्या काळात एका कोपऱ्यासाठी चार तास घालवण्यापेक्षा फ्रेंच राजाकडे उसनवारी केलेली बरी वाटे, आणि त्यात काही चूक नव्हती.

आणखी एक बारकावा. एक्यू वरच्या ओळीत ठेवला तर सुखाने राहतो. खालचे उभे शब्द 'ई', 'सी' आणि 'यू'ने सुरू व्हायचे, आणि तसे शब्द भरपूर आहेत. तळाच्या ओळीत ठेवला की उभे शब्द त्या अक्षरांनी संपले पाहिजेत. 'ई'ने संपणारे हवे तितके, 'सी'ने संपणारेही निघतात, 'यू'ने संपणारे शोधताना मात्र पुन्हा ग्नू-एमूंच्या प्राणिसंग्रहालयात किंवा परक्या टांकसाळीत शिरावं लागतं. वरच्या कोपऱ्यात 'लेउ' आला तो याच वाटेने. एक अडगळीतला शब्द घेतला की तो दुसऱ्याला हात धरून आत आणतो. अनेकवचन तर त्याहून वाईट. 'सू'च्या शेवटी 'एस' लागला तर हॉटेलातल्या 'सू-शेफ'चा आधार घेऊन सूत्र लिहिता येतं. 'एक्यू'ला 'एस' लावला की त्याला दुसरा कुठलाच अर्थ उरत नाही.

विसाव्या शतकात या शब्दाला अचानक नवीन जन्म मिळाला. १३ मार्च १९७९ ला युरोपीय चलनव्यवस्था सुरू झाली आणि हिशेबासाठी एक एकक आलं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं नेमकी ई, सी, यू. फ्रेंचांना त्यात आपलं जुनं नाणं ऐकू आलं आणि ते खूश झाले. हे एकक कुणाच्या खिशात कधी खुळखुळलं नाही. सदस्य देशांच्या चलनांची ती एक टोपली होती, बँकांच्या वह्यांत फिरणारी. बेल्जियमने १९८७ मध्ये रोम कराराला तीस वर्षं झाली म्हणून पाच ईसीयूचं चांदीचं आणि पन्नास ईसीयूचं सोन्याचं नाणं पाडलं, पण ते संग्राहकांसाठी. जर्मनांना हे नाव रुचेना. 'आइन एक्यू' घाईत म्हटलं की 'आइने कू', म्हणजे 'एक गाय', असं ऐकू येतं ही कुरबुर तेव्हा बरीच गाजली. शेवटी डिसेंबर १९९५ मध्ये माद्रिदच्या बैठकीत 'युरो' हे नाव ठरलं आणि १ जानेवारी १९९९ ला एका ईसीयूला एक युरो या भावाने ईसीयू संपला. ज्या आर्थिक संघाच्या योजनेने त्याला संपवलं तिचं इंग्रजी लघुरूप होतं ई-एम-यू. म्हणजे ई आणि यूच्या मधल्या घरात 'सी'च्या जागी 'एम' आला. कोडेवाल्यांना हा विनोद सांगावा लागत नाही.

या जन्माने सूत्रं मात्र बदलली. 'जुनं फ्रेंच नाणं' या सनातन सूत्राला 'युरोच्या आधीचं चलन' असा पर्याय मिळाला. अमेरिकी शिस्तीप्रमाणे उत्तर लघुरूप असेल तर सूत्रात तसा इशारा द्यावा लागतो. नाणं म्हणून विचारलं तर इशारा नको, हिशेबाचं एकक म्हणून विचारलं तर हवा. सोडवणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, अक्षरं तीच. युरोनेही आपली जागा पटकावली. चार घरं, त्यांत तीन स्वर. शिवाय युरो नावाचा एक कांगारूच्या जातीचा प्राणी असल्यामुळे सूत्राला दोन्ही बाजूंनी वाट. हल्ली तर ईसीयू म्हटलं की बहुतेकांना गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा आठवतो. पुण्यातल्या गॅरेजमध्ये 'ईसीयू गेलाय' असं ऐकलं तर खर्चाचा आकडा कानावर पडेपर्यंत कुणाला लुई राजा आठवणार नाही.

ब्रिटिश कोड्यात या नाण्याचं काम वेगळं. लंडनच्या 'टाइम्स'चं कोडं १ फेब्रुवारी १९३० ला सुरू झालं. तिथली जाळी विरळ असते, शब्दातली साधारण निम्मी अक्षरंच दुसऱ्या शब्दाला छेदतात, त्यामुळे तीन अक्षरी चिंधी लावण्याची वेळ कमी येते. तिथे एक्यू उत्तर म्हणून येण्यापेक्षा सुट्या भागासारखा वापरला जातो. 'पेक्युलियर' या आठ अक्षरी शब्दाचे तुकडे पाडा. पी, मग ई-सी-यू, मग एल-आय-ए-आर. आता सूत्र मराठीत मांडायचं तर असं: 'पार्किंगमध्ये जुना फ्रेंच पैसा आणि खोटारडा, सगळंच विचित्र (८)'. पार्किंगच्या पाटीवरचा पी, जुना पैसा एक्यू, खोटारडा म्हणजे 'लायर', आणि 'विचित्र' हा सरळ अर्थ. सिक्युअर, एक्झिक्यूट, स्पेक्युलेट, मॉलिक्यूल, प्रॉसिक्यूट या सगळ्यांच्या पोटात हेच नाणं पडलेलं आहे. यात चूक होते ती 'जुना' हा शब्द गाळल्यावर. नुसतं 'फ्रेंच पैसा' म्हटलं तर आजचं प्रामाणिक उत्तर युरो आहे, आणि सोडवणारे अशा चुका सोडत नाहीत.

स्क्रॅबलमध्ये एक्यूचे गुण पाच. ई-यूचा एकेक, सीचे तीन. एवढ्यासाठी कुणी तो पाठ करत नाही. पण त्या खेळात सी हे नतद्रष्ट अक्षर आहे, दोन अक्षरी शब्दांत त्याला जवळपास जागाच नाही, आणि यू हातात साठला की हात कुजतो. दोन्ही एका खेळीत उतरवणारा शब्द लक्षात ठेवलेला बरा.

आपल्या बाजूची नाणीही या जाळ्यात अडकलेली आहेत. रुपयाचा सोळावा हिस्सा असलेला आणा अमेरिकी कोड्यात ए-एन-एन-ए होऊन येतो, उलटसुलट सारखाच. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आपल्याकडून आणा हळूहळू गेला, तिकडे तो 'जुनं भारतीय नाणं' म्हणून नांदतो आहे. मघाच्या कोपऱ्यातला पहिला उभा शब्द पी-आय-ई, तोही एका अर्थाने आपला. एका आण्यात बारा पै, तीच ही पै. संपादक समजूतदार असेल तर तिथे गोड पदार्थाचं सूत्र देईल, खवट असेल तर नाण्याचं. आणि एक्यूचा सख्खा भाऊ एस्कुदो तर गोव्यात येऊन राहिला होता. पोर्तुगीज राजवटीने १९५८ च्या सुमारास तिथला रुपिया बंद करून एका रुपियाला सहा एस्कुदो या भावाने नवीन चलन आणलं. म्हणून तिथली नाणी एक, तीन आणि सहा एस्कुदोची, आणि सुटे दहा, तीस, साठ सेंताव्हुंचे. पाच-दहाच्या सवयीला विचित्र वाटणारे हे आकडे सहाच्या हिशेबातले आहेत. तीन एस्कुदो म्हणजे अर्धा रुपिया. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ढालीचं हे नाणं आल्यापासून तीन-चार वर्षांतच मोडीत निघालं.

मराठी कोड्यात एस्कुदो बसवायला गेलं की सगळं गणित बदलतं. इंग्रजीची सहा घरं इथे तीन होतात: ए, स्कु, दो. आपल्याकडे घरात अक्षर जातं ते काना-मात्रा-जोडाक्षरासकट, आणि छेदणाऱ्या शब्दातही नेमकं तेच लागतं. 'स्कु'मधून दुसरा मराठी शब्द काढून दाखवा. व्हेनिसच्या डुकाट नाण्याचं मराठी नाव 'पुतळी'. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती असे, त्या आकृतीवरून हे नाव पडलं आणि पुढे पुतळ्यांच्या माळेत गेलं. ते तीन घरांत बसतं, पण तिसऱ्या घरातला 'ळी' अडतो. 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणजे तिथे उभा शब्द एकतर संपला पाहिजे किंवा मधून गेला पाहिजे: केळी, पोळी, दिवाळी. मराठी कोडेकाराला म्हणून बिनमात्रेची अक्षरं प्रिय. पर्वताला नग, पक्ष्याला खग, आवाजाला रव. बोलताना हे शब्द कुणी वापरत नाही, कोड्यात मात्र रोज भेटतात. एक्यूचे खरे मराठी भाऊबंद हे आहेत.

त्यांत नाणंही एक आहे, आणि ते व्हेनिसचं नाही की लुईचं नाही. 'पण'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंड आणि पगार मोजले आहेत ते पणांत. 'पणाला लावणं' यातला पणही त्याच घरातला. दोन घरं, दोन्ही अक्षरं उघडी. 'ण'ने शब्द सुरू होत नाही, म्हणून हा शब्द तळाच्या ओळीत सर्वात सुखी, जिथे वरून येणारे उभे शब्द 'प' आणि 'ण'वर संपतात: साप, ताप, कारण, श्रावण. इंग्रजीतलं नाणं तळाला रुसतं, आपलं तळालाच खुलतं. कोड्यांत त्याचं सूत्र बहुधा 'परंतु' असंच असतं. कुणी एकदा 'कौटिल्याच्या दंडाचं नाणं (२)' असं देऊन पाहावं. सोडवणारा होन, दाम, आणा सगळं लिहून खोडेल, आणि साप व कारण उभे राहिल्याशिवाय त्याला 'पण' दिसायचा नाही.